नवी सुरी आणली तरी दोन महिन्यांत टोमॅटो चेंगरतोच

दीड वर्षात तीन सुऱ्या झाल्या माझ्या. तिन्ही आणल्या तेव्हा झकास चालल्या, पहिल्या दिवशी टोमॅटोच्या पातळ चकत्या, कांदा सरसर, आणि दोन-अडीच महिन्यांत परत तक्रार, बहुतेक वेळा तीच. टोमॅटोवर सुरी ठेवली की साल आत दबते, रस बाहेर येतो आणि शेवटी टोक खुपसून सुरुवात करावी लागते. माझ्याकडे रोज चौदा डबे असतात, म्हणजे सकाळी साडेपाच ते सात या वेळात दोन किलो कांदा, दोन-तीन किलो भाजी, कोथिंबीर, मिरच्या सगळं हातानं चिरायचं असतं, त्यामुळे सुरी बोथट झाली की डबे उशिरा निघतात आणि मनगट दुखतं ते वेगळंच. दर वेळी वाटायचं की सुरीच हलकी निघाली, पुढची चांगली घेऊ. तिसरी तर चांगली महागाची होती. तीपण गेली तेव्हा मात्र नीट शोध घ्यायचं ठरवलं. धाकटा भाऊ भोसरीला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारं बनवतात तिथे आहे, त्याला रविवारी जेवायला बोलावला, तो येताना दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन आला आणि जेवणाआधी ओट्याशी उभा राहून मी कुठे चिरते, कसं चिरते, सुरी कशी धुते, कुठे ठेवते हे सगळं बघत बसला.

त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहितेय, कारण माझ्या ओळखीत निम्म्या घरांत हीच तक्रार आहे आणि सगळ्या जणी नवीन सुरी शोधतायत.

आधी बोथट म्हणजे नक्की काय झालंय ते बघा, कारण बोथट बोथटमध्ये फरक असतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. सुरी उलटी धरा, धार वर, ट्यूबलाइटखाली, आणि हळूहळू तिरकी करत बघा. खरी धार असेल तर तिच्यावरून उजेड परत येत नाही, कारण उजेड पडायला तिथे जागाच नसते. जिथे पांढरी बारीक रेघ चमकते तिथे धार गेलेली. पूर्ण लांबीभर रेघ असेल तर झिजलीय किंवा दुमडलीय, मध्येमध्ये ठिपके चमकत असतील तर कपचे उडालेत, म्हणजे दाते पडलेत. माझ्या पहिल्या सुरीला पूर्ण रेघ होती, तिसरीला तीन ठिकाणी ठिपके, आणि दुसरीची गंमत अशी की तिला रेघच नव्हती, म्हणजे धार होती तरीही ती गाजर कापताना कट्ट आवाज करून गाजर फोडायची. ती भानगड पुढे सांगते.

पूर्ण रेघ असेल तर ती झिजलीय का दुमडलीय हे कळायला सुरी धार लावायच्या सळईवर, ज्याला होनिंग रॉड म्हणतात, दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा हलकी फिरवा. सळई नसेल तर चहाचा कप उलटा करून त्याच्या बुडाला जी खरखरीत, चकाकी नसलेली कडी असते तिच्यावर फिरवा, आपल्या आया करायच्या ते काही चुकीचं नव्हतं. एवढ्यानं धार परत आली तर ती नुसती दुमडली होती. धारेचं टोक इतकं पातळ असतं की वापरताना ते एका बाजूला कलंडतं आणि सळई त्याला परत सरळ उभं करते. एवढं करून फरक पडला नाही तर धार झिजलीय आणि तिथे धार लावायच्या दगडाशिवाय इलाज नाही. पुष्कळ लोक झिजलेली सुरी वर्षभर सळईवर घासत बसतात आणि म्हणतात सळईचा उपयोग नाही. सळईचं कामच वेगळं आहे, ती रोजची, दगड महिन्या-दोन महिन्यांनी.

आता मुख्य प्रश्न, वारंवार का बोथट होते. भावानं पहिली गोष्ट जी दाखवली ती मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. मी चिरत होते ग्रॅनाइटच्या ओट्यावर. नेहमी नाही, चिरायचा पाट असतो माझ्याकडे, पण मिरची, कोथिंबीर, अर्धं लिंबू, एखादा टोमॅटो हे पटकन ओट्यावरच, आणि कांदा स्टीलच्या ताटात धरून कारण मग तो तसाच कढईत ओतता येतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतो आणि तो सुरीच्या पोलादापेक्षा कठीण असतो, त्याच्यावर धार एकदा जरी दाबून ओढली तरी ती तिथल्या तिथे सपाट होते. चकचकीत काचेचे चॉपिंग बोर्ड मिळतात तेही तसेच, धुवायला सोपे आणि सुरीला वाईट. तुम्ही दहा हजारांची सुरी घ्या, ओट्यावर चार कोथिंबिरीच्या जुड्या चिरा, ती दोनशेच्या सुरीसारखीच होणार.

आणि इथे मला आमच्या आईंची, म्हणजे सासूबाईंची विळी आठवली. ती विळी त्यांच्या लग्नातली, पातं साधं लोखंडी, दोन-तीन वर्षांतून एकदा धार लावून आणतात, मध्ये कधी निसण्यावर चार हात मारले तर मारले, आणि आजही त्या तिच्यावर अळूची पानं रेशमासारखी चिरतात. मी नेहमी म्हणायचे की जुनं लोखंड चांगलं असायचं. लोखंड चांगलं असेलही, पण खरं कारण हे की विळीचं पातं कशावर आपटतच नाही. पातं हवेत उभं, भाजी हातात, ती पात्यावर ढकलायची, आणि कापलेला तुकडा खाली ताटात पडतो. धारेला आयुष्यभर फक्त भाजीच लागते. आपण विळी सोडून उभ्या ओट्यावर आलो तेव्हा सुरी घेतली, पण सुरीखाली काहीतरी मऊ लागतं ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितलीच नाही, कारण घरात आधीच्या पिढीला ती लागतच नव्हती. मला हे कळलं तेव्हा खरंच वाईट वाटलं, तिसरी सुरी माझ्या भाचीनं पहिल्या पगारातून आणली होती.

तर पाट लाकडाचा किंवा जाड प्लास्टिकचा. लाकडातही जरा बघून घ्या. सागवान दिसायला सुंदर आणि पाण्याला टिकाऊ, पण त्यात सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच म्हणा, ती धार खाते. बांबूचे बोर्डही तसेच कठीण असतात. रबरवूडचा किंवा आंब्याच्या लाकडाचा चालतो, रबरवूडचे बाजारात सर्रास मिळतात. मला विचाराल तर लाकूडच घ्या, सुरी टेकल्यावर हाताला जो मऊपणा लागतो तो प्लास्टिकला नाही, पण मासे-मटणासाठी वेगळा प्लास्टिकचा ठेवा कारण तो गरम पाण्यानं खसखसून धुता येतो. पाट मोठा हवा, निदान चाळीस सेंटिमीटर लांब, छोट्या पाटावर कांदा बाहेर सांडतो आणि मग माणूस परत ओट्यावर जातो. खाली ओलं फडकं पिळून अंथरा म्हणजे पाट सरकत नाही.

पाटावर सुद्धा आणखी एक सवय आहे जी मी रोज शंभर वेळा करत होते. चिरलेला कांदा बाजूला लोटायला किंवा कढईत सारायला सुरीची धार पाटावर घासत नेणं. धार पुढेमागे जायला बनलेली आहे, आडवी ओढली की ती लगेच कलंडते. सुरी उलटी करा आणि पाठीनं लोटा. एवढंसं आहे पण भावानं भिंगातून आधी आणि नंतर दाखवलं तेव्हा मी गप्पच झाले.

धुण्याचं थोडक्यात सांगते. सुरी खरकट्या भांड्यांबरोबर सिंकमध्ये टाकायची नाही, तारेची घासणी धारेवरून फिरवायची नाही, आणि ओली तशीच ड्रॉवरमध्ये डाव, उलथन्यांबरोबर ढकलायची नाही. कापून झालं की लगेच धुवायची, पुसायची आणि भिंतीवरच्या चुंबकाच्या पट्टीला लावायची किंवा पुठ्ठ्याचं म्यान करून ठेवायची, पुठ्ठा दुमडून चिकटपट्टी लावली तरी चालतं. लिंबू, चिंच, आमसूल, कैरी कापून सुरी तशीच तासभर पडली की धारेवर बारीक खड्डे पडतात, स्टेनलेस असली तरी. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नसतं, पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याच्यावर एक अदृश्य थर धरतो जो गंज थोपवतो, पण मीठ आणि आंबट हे दोन्ही मिळून त्या थराला भोकं पाडतात, आणि पावसाळ्यात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे जास्त जाणवेल. डिशवॉशरबद्दल लोक म्हणतात की गरम पाण्यानं पात्याचं पाणी, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून त्याला दिलेला कठीणपणा, उतरतं. तेवढ्या उष्णतेनं पाणी उतरत नाही, पण आतमध्ये भांड्यांवर आपटून आणि त्या तिखट पावडरीनं धार जाते, त्यामुळे निष्कर्ष तोच, डिशवॉशरमध्ये नको.

आता धार लावण्याबद्दल, कारण माझं दुसरं मोठं चुकत होतं ते इथे. माझ्याकडे ते ओढायचं यंत्र होतं, व्ही आकाराची खाच असते, त्यात सुरी घालून चार वेळा ओढायची. ओढलं की टोमॅटो मस्त कापला जायचा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत बोथट. मग परत ओढायची. तुमचीही सुरी एक दिवस धारदार आणि दुसऱ्या दिवशी बोथट असं होत असेल तर हा परिच्छेद नीट वाचा. त्या यंत्रात टंगस्टन कार्बाइडचे तुकडे असतात, ते धार घासत नाहीत तर खरवडतात, आणि खरवडलेल्या धातूचा एक पातळ पापुद्रा धारेवर उभा राहतो. टूलरूममध्ये त्याला बर म्हणतात. ती बर खूप तीक्ष्ण असते म्हणून पहिल्या दिवशी वाटतं वा काय धार लागली, पण ती अर्धवट लोंबकळत असते, चार कांदे झाले की दुमडते किंवा तुटते आणि खाली उरते ती फाटलेली कड. भिंगातून माझी सुरी करवतीसारखी दिसत होती. शिवाय दर वेळी एवढा धातू जातो की दोन वर्षांत सुरीची रुंदी कमी झालेली डोळ्यांना दिसते.

दारावर येणाऱ्या धारवाल्याबद्दलही मला मनापासून आदर आहे, सायकल उभी करून पायडल मारत चाक फिरवतो, कष्टाचं काम आहे, आणि विळी, कोयता, कात्री मी त्याच्याकडेच देते. पण पातळ पात्याची सुरी कोरड्या फिरत्या चाकावर धरली की धारेशी क्षणात खूप उष्णता होते, ठिणग्या उडतात त्याच सांगतात, आणि पोलादाला दिलेलं पाणी तिथल्या तिथे उतरतं. कडेला निळसर झाक दिसली तर तेवढा भाग मऊ पडला असं समजा. अशी सुरी परत परत बोथट होणारच, तो मऊ भाग दगडावर घासून जाईपर्यंत. सुरी द्यायचीच असेल तर त्याला सांगा की चाकावर पाणी सोडत, हलक्या हातानं, थांबत थांबत लावा. सांगितलं तर करतात.

स्वतः दगडावर लावायला मला तीन रविवार लागले, त्यापेक्षा जास्त नाही. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुतोंडी निसणा मिळतो, एक बाजू जाड एक बारीक, सुरुवातीला तो पुरे. चांगला पाहिजे असेल तर एक हजार ग्रिटचा पाण्याचा दगड घ्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), दाते पडलेले असतील तर सोबत चारशेचा, आणि गुळगुळीत धार आवडत असेल तर पुढे तीन हजारचा, पण घरात एक हजारवर थांबलात तरी टोमॅटो आपल्या वजनानं कापला जातो. दगड पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. एकदा तेल लावलं तर मग कायम तेलच, पाणी आणि तेल आलटून पालटून चालत नाही.

कोन हा सगळ्यांना घाबरवणारा भाग आहे. साधा हिशोब सांगते, पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून दीड सेंटिमीटर उचलली तर साधारण वीस अंश होतात, सव्वा सेंटिमीटर उचललीत तर सोळा. पंधरा ते वीसच्या मध्ये कुठेही चालेल, महत्त्वाचं हे की तो हात हलू द्यायचा नाही. हात बसेपर्यंत भावानं मला एक युक्ती दिली, धारेच्या कडेला काळ्या मार्करनं रंगवा आणि दगडावर चार हात मारून बघा शाई कुठली गेली. नुसती वरची गेली तर पाठ फार खाली आहे, नुसती अगदी टोकाची गेली तर फार वर, सगळी पुसली गेली तर कोन बरोबर. पहिल्या रविवारी मी फक्त हेच करत बसले.

मग एका बाजूनं घासत राहायचं, मुठीपासून टोकापर्यंत, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला बोट लावल्यावर बर लागत नाही. बोट पाठीकडून धारेकडे बाहेर न्यायचं, धारेवरून लांबीनं कधीही नाही. ती बर पूर्ण लांबीभर लागली पाहिजे, मुठीपाशी आणि टोकाशी सुद्धा, कारण तिथेच लोक कमी घासतात. लागली की बाजू बदला, तिकडून तसंच. आणि आता जे बहुतेक जण करत नाहीत ते, बर काढायची. दाब एकदम कमी करत, एकदा ही बाजू एकदा ती, दहा-बारा हात, शेवटचे तर नुसत्या सुरीच्या वजनानं. मग जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेनं, म्हणजे धार मागे राहील अशी, पाच-सात वेळा ओढा. पट्टा नसला तर वर्तमानपत्राची घडी. माझी सुरी आता पाच-सहा आठवडे टिकते, रोजच्या त्या सगळ्या चिरण्यावर, आणि फरक सगळा या शेवटच्या दोन मिनिटांचा आहे. दगड मध्ये खोलगट होत जातो तेवढं लक्षात ठेवा, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्याच्यावर दगड घासला की सपाट होतो. खोलगट दगडावर कोन धरताच येत नाही आणि मग वाटतं आपला हात बिघडला.

हे सगळं सुधारून महिना झाला आणि मग मी परत सुरी निवडायला बसले. या क्रमानंच जा असं मी कळकळीनं सांगेन, कारण आधी सवयी सुधारल्याशिवाय कुठली सुरी चांगली हे तुम्हाला कळणारच नाही.

माझ्या तिसऱ्या सुरीचं काय झालं ते सांगते म्हणजे निवडीचा मुद्दा कळेल. ती जपानी पद्धतीची, व्हीजी-१० पोलादाची. त्यात कार्बन साधारण एक टक्का, रॉकवेलच्या मापात, म्हणजे पोलादाचा कठीणपणा मोजायच्या मापात, साठच्या आसपास. अशी सुरी खूप बारीक कोनात धार घेते आणि ती फार दिवस टिकते. पण जितकं कठीण तितकं ठिसूळ. मागच्या श्रावणात घारग्यांसाठी लाल भोपळा चिरताना ती सालीत अडकली, मी जशी नेहमी सुरी पिळून काढते तशी पिळली, आणि धारेला तीन कपचे उडाले. सुरीचा दोष शून्य. ती सुरी त्या कामासाठी नव्हती आणि मला ते माहीत नव्हतं.

झोलिंगेनच्या जर्मन सुऱ्या किंवा स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या जाडसर काळ्या मुठीच्या सुऱ्या असतात त्या त्याच मापात पंचावन्न ते अठ्ठावन्न कठीण असतात. या जातीच्या सुऱ्यांचं नेहमीचं पोलाद म्हणजे एक्स-५०-सीआर-एमओ-व्ही-१५, काही जागी त्याचाच नंबर १.४११६ असा लिहितात, म्हणजे अर्धा टक्का कार्बन आणि पंधरा टक्के क्रोमियम. याची धार कठीण पोलादापेक्षा लवकर जाते, पण जाताना ती दुमडते, तुटत नाही, आणि दुमडलेली सळईवर दहा सेकंदांत परत येते. आपल्याकडचं चिरणं बघा, सुरण, भोपळा, कच्चं केळं, आल्याची गाठ, फरसबीच्या जुड्या, घाईत आणि जोरात. रोज दोन-चार किलो चिरणाऱ्या आणि घरातले चार हात वापरणाऱ्या सुरीसाठी मला हेच पोलाद बरोबर वाटतं. जपानी सुरी घ्या, जरूर घ्या, पण ती एकट्यानं वापरायची आणि तिला सळई नाही तर फक्त दगड, हे मान्य असेल तरच. माझी ती सुरी भावानं दगडावर घासून परत नीट केली, आता ती फक्त काकडी, टोमॅटो, कोबीसाठी आहे आणि तिच्याइतका बारीक कोबी दुसरी कुठलीच सुरी कापत नाही.

पाकिटावर नुसतं हाय कार्बन स्टेनलेस लिहिलेलं असेल आणि पोलादाचं नाव किंवा कठीणपणाचा आकडा कुठेच नसेल तर सोडून द्या. नाव जर्मन किंवा जपानी वाटतं म्हणून सुरी तिथली नसते, कुठे बनली ते बारीक अक्षरात बघा. झोलिंगेन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्यानं राखलेलं आहे, त्या गावाच्या भागात बनलेल्या मालालाच ते लावता येतं, इतकी या नावाची नक्कल व्हायची. आणि पात्यावर लाटांसारखी नक्षी असली की लोक डमास्कस म्हणून जास्त पैसे देतात. खऱ्या सुरीत ती नक्षी वेगवेगळ्या पोलादांच्या थरांची असते, स्वस्तातल्या पुष्कळ सुऱ्यांवर ती नुसती वरून कोरलेली असते, एकदा घासलं की जाते. आणि खऱ्या थरांच्या सुरीत सुद्धा कापतं ते मधलं एकच पोलाद, बाजूची नक्षी शोभेची.

माझी दुसरी सुरी अशीच नक्षीची होती आणि तिच्यावरून गाजराचा मुद्दा. धार ठीक, कागद कापायची, पण गाजर, बीट, सुरण फुटायचं. ती जाड होती. पाठ जाड असली तरी हरकत नाही, पण धारेच्या जरासं वर, जिथे तिरपी कड संपते तिथे, पातं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ हवं. माझ्या सुरीचं तिथे जवळजवळ एक मिलिमीटर होतं, म्हणजे ती पाचरीसारखी घुसायची आणि गाजर दोन्हीकडे ढकलायची. दुकानात व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, कोण नेणार, त्यामुळे सोपी परीक्षा अशी की अंगठा आणि तर्जनीत पात्याच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून पाठीकडून धारेकडे सावकाश सरका, धारेच्या अलीकडे थांबा, आणि बोटं जवळजवळ एकमेकांना लागल्यासारखी वाटतात का ते बघा. जाड सुरीला कितीही धार लावा, हा त्रास जात नाही. तुमची तक्रार फक्त कडक भाज्यांची असेल आणि टोमॅटो नीट कापला जात असेल तर दगड विकत घ्यायच्या आधी हे तपासा.

हातात धरून बघणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून शक्यतो दुकानात जाऊन घ्या. मूठ मुठीत आवळून धरायची नाही, अंगठा आणि तर्जनीनं पातं मुठीच्या लगेच पुढे धरायचं आणि बाकी तीन बोटं मुठीवर, असं धरल्यावर पाठीची कड बोटाला टोचते का बघा. काउंटरवर सुरी टेकवून बघा, मुठीखाली बोटांना जागा राहते का, नाहीतर रोज बोटांची हाडं पाटावर आपटतात. आठ इंची पातं बहुतेकांना योग्य, पण पाट छोटा असेल किंवा हात लहान असेल तर सहा-साडेसहा इंची सांतोकू, म्हणजे जपानी घरगुती सुरी बघा, तिचं पातं सरळ असतं, पुढेमागे झुलवण्यापेक्षा वरखाली चिरणाऱ्यांना ती आवडते. मला आठ इंची लागते, एका हातात कोथिंबिरीची पूर्ण जुडी एका फटक्यात येते. आणि एक गोष्ट नक्की टाळा, मुठीपाशी धातूचा जाड ठोकळा थेट धारेपर्यंत खाली आलेला असतो काही सुऱ्यांना. दिसायला भक्कम, पण तो दगडावर अडतो, शेवटचा सेंटिमीटर कधी घासलाच जात नाही, आणि दोन वर्षांत तिथे खाच पडून सुरी पाटाला पूर्ण टेकत नाही, कोथिंबीर पूर्ण तुटत नाही, एकमेकांना लोंबकळत राहते. ठोकळा अर्ध्यावर थांबलेला घ्या किंवा नसलेली घ्या. ठोकून घडवलेली का पत्र्यातून कापलेली यावरून फार डोकं लावू नका, माझी आत्ताची सुरी पत्र्यातून कापलेलीच आहे, हलकी आहे आणि दीड तास चिरताना हाताला हलकीच बरी.

लोखंडी म्हणजे कार्बन स्टीलची सुरी घ्यावी का असं पुष्कळ जणी विचारतात. धार अप्रतिम लागते आणि दगडावर पटकन लागते, पण कैरी, कच्चं केळं, वांगं काळं पडतं कारण त्यांच्यातला तुरटपणा लोखंडाशी जुळतो, तसं आपल्या विळीवरही पडतंच. दर वेळी लगेच पुसायची आणि पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवायचं. शिस्त असेल तर घ्या.

आणि कितीही चांगली सुरी असली तरी नारळाची करवंटी, हाड, फ्रीजरमधून दगड झालेली मासळी हे तिचं काम नाही, त्याला कोयता ठेवा. फणसाला तर विळीच, तेलाचा हात लावून.

एक राहिलं. सुरी हातातून पडून टोक मोडलं असेल तर फेकू नका आणि धारेच्या बाजूनं घासून टोक काढायला जाऊ नका, तसं केलं तर टोक पाटापासून वर उचललेलं राहतं आणि पुढचा भाग काहीच कापत नाही. पाठीच्या बाजूनं घासायचं, जाड दगडावर, पाणी मारत, पाठ उतरती करत खाली धारेला नेऊन मिळवायची. माझ्या पहिल्या सुरीला असंच टोक करून दिलं भावानं, अर्धा तास लागला, आणि ती आता आईंनी मिरच्या चिरायला घेतलीय.